मापाचा पेला

सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. ते माझं व्रत आहे, रुसवा नाही. हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं आणि नेमकं तेव्हा मला बोलता येत नसतं, म्हणून माझ्या वतीने सासूबाई सांगतात, "तिचं दहापर्यंत देवाशी चालू असतं. मग येते माणसांत." दुसरं व्रत असं, की कुणाबद्दलही तोंडाने वाईट बोलायचं नाही. तेही मी आजवर मोडलेलं नाही. लिहिण्याबद्दल मात्र मी कसलंच व्रत घेतलेलं नाही.

मी घरी बसून लिहिते आणि त्यावरच माझं चालतं. कथा-कविता लिहीत नाही. नवीन यंत्र विकत आणलं की खोक्याच्या तळाशी एक घडी घातलेला कागद असतो, जो लोक खोक्यासकट फेकून देतात, तो मी लिहिते. 'प्लग काढल्याशिवाय पात्याला हात लावू नये.' 'ओल्या हाताने बटण दाबू नये.' इस्त्री, पंखा, पाणी तापवायची किटली, रस काढायचं यंत्र. एका कंपनीचे हे सगळे कागद कित्येक वर्षं माझ्याच हातचे आहेत. 'माझी बोटं शाबूत राहिली' असं एकाही वाचकाने मला आजवर कधी कळवलेलं नाही. त्यावरून काम बरं चाललंय असं मी समजते.

बाकी कुणाला हे काम वाटत नाही. "तुम्ही घरीच असता ना," असं म्हणत जो दारात उभा राहतो, त्याच्या हातात हमखास काहीतरी असतं. कुणाची किल्ली, कुणाचं पार्सल. समोरच्या बाईंनी तर त्यांची काळी मांजर आणून सोडली. "तुम्ही घरीच असता, तिलाही सोबत होईल." कुणाला कुणाची सोबत, हे त्यांनी विचारात घेतलं नाही. मांजर माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीत झोपते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहायला असं काय लागतं, हे तिने मला एकदाही विचारलेलं नाही.

माझी कामाची एक पद्धत आहे. यंत्र आधी घरी मागवते, वापरते, मग लिहिते. लिहिलेला कागद सकाळी सासूबाईंच्या हातात देते आणि शेजारी उभी राहते. सासूबाईंचा कुठल्याच यंत्रावर विश्वास नाही आणि माझ्यावर बेताचाच आहे, म्हणून त्या या कामाला फार चांगल्या. कागदात असेल तेवढंच करतात, वर आपल्या पदरचं शहाणपण घालत नाहीत.

"हं. झाकण डावीकडे फिरवा म्हणतेस. माझी डावी की त्याची डावी?"

मी गप्प. डोळ्यांनीही काही सांगायचं नाही, मान हलवायची नाही.

"अगं बाई, बोल की! तोंडात काय गोळा घातलायस?"

म्हणजे वाक्य फसलं. मी पुन्हा टेबलापाशी जाते आणि नव्याने लिहिते. विकत घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात मी काही उभी राहणार नसते, तेव्हा मला न विचारता जो कागद चालतो तोच खरा. सासूबाई एकही प्रश्न न विचारता शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्या की मी कागद कंपनीला पाठवते. हे असं गुपचूप, नीट चाललं होतं, तोवर भाऊजींना लेखक व्हायचं सुचलं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मोठ्या ऑफिसात होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरावर लाल पेनाने 'पुन्हा लिहावे' एवढं लिहायचं, हे त्यांचं काम. वेळेआधी निवृत्ती झाली. भाऊजी म्हणतात घेतली, जाऊबाई म्हणतात दिली. जाऊबाई घरी कपडे शिवतात. महिनाभर त्यांनी भाऊजींना सोसलं आणि मग मला फोन केला. "तुमच्याकडे टेबल आहे ना रिकामं? त्यांना तिकडे घ्या. मला कात्री चालवताना मध्ये माणूस नको."

टेबल रिकामं नव्हतं. त्यावर मी काम करत होते. पण दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास भाऊजी दारात हजर. अंगात कोट.

"वहिनी, मीसुद्धा आता तुमच्याच लाइनीत!"

दहा वाजले नव्हते. उत्तर सासूबाईंनी दिलं. "कुठल्या लायनीत रे, धाकट्या?"

"लेखन, आई. फ्रीलान्स. घरून काम."

"मग घरून कर की. हे घर कुणाचं?"

"तिकडे वातावरण नाही गं. सारखं मशीन खडखडतं."

"आणि इथे मी खडखडते त्याचं काय?"

भाऊजी हसले आणि माझ्या खुर्चीत बसले. दुपारी त्यांनी ती बाजूला सारून स्वतःची फिरती खुर्ची आणवली. मग मान वाकडी करणारा दिवा आला. मी माझे कागद उचलून स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेला मांडले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांचं चाव्या बनवायचं दुकान आहे. गावाची अडकलेली कुलपं हे उघडून देतात. घरातल्या कुठल्याही अडचणीला मात्र ह्यांच्याकडे एकच किल्ली आहे.

"जाऊ दे ना," हे म्हणाले. "चार दिवस बसेल, कंटाळेल."

कंटाळायला आधी काम करावं लागतं. भाऊजी खिडकीशी उभे राहत. "शब्दांना येऊ द्यावं लागतं, वहिनी. ओढायचे नसतात." शब्द यायचे तेव्हा येवोत, भाऊजी तोवर जुन्या सहकाऱ्यांना फोन करत. "आता काय बाबा, मीच माझा मालक!" जवळपास महिनाभर चाललेल्या या लेखनातून अर्धं पान तयार झालं. तो त्यांचा स्वतःचा परिचय होता.

एक दिवस त्यांनी पेनं आणली. एकाचंही टोपण उघडलेलं मी पाहिलं नाही, पण ती टेबलावर उभी दिसायला हवी होती आणि उभी करायला काहीतरी हवं होतं. त्याच दिवशी कंपनीकडून पीठ मळायचं नवं यंत्र आलं होतं, खोकं कोपऱ्यात होतं. भाऊजींनी ते उघडलं, आत हात घालून चाचपलं आणि यंत्राबरोबर येणारा मापाचा पेला बाहेर काढला. पारदर्शक, अंगावर आडव्या रेघा. "वा," म्हणाले आणि त्यात पेनं खोवली.

मी दारातून बघत होते. नऊ वाजून गेले होते. दहाला मी सांगू शकले असते. पण दहाच्या ठोक्याला भाऊजींनी, न वळता, "वहिनी, चहा," म्हटलं आणि माझी सांगायची इच्छाच गेली.

हे यंत्र साधं नव्हतं. म्हणजे फारच साधं होतं. झाकण लागलं नसेल तर यंत्र सुरूच होऊ नये अशी एक सोय अशा यंत्रात असते. कंपनीने खर्च वाचवायला ती काढून टाकली होती आणि तिच्या जागी माझं एक वाक्य ठेवायचं ठरवलं होतं. त्यामुळे या कागदाची मला काळजी होती. त्यात कंपनीत नव्या मॅडम आल्या होत्या. आधीच्या बाई मला दहानंतरच फोन करत. नव्या मॅडमनी पहिलाच फोन नऊला केला. फोन टेबलावर होता आणि टेबलाशी भाऊजी.

"हॅलो... हो, हो. लेखनच. बोला ना... त्या? त्या बोलत नाहीत. नाही नाही, आजारी नाहीत, धार्मिक आहेत."

मी ओलं फडकं हातात घेऊन दारात आले. भाऊजींनी मला हाताने 'थांबा' अशी खूण केली, जणू मी बोलणार होते.

"तसं बघा, वहिनींनी आता बरंच कमी केलंय. वय, देवधर्म... हल्ली मीच बघतो सगळं. हो, कार्यालयीन लेखनाचा दीर्घ अनुभव... अहो, नक्की! पाठवतो की."

फडक्यातून पाणी माझ्या पावलांवर टपकत होतं. 

भाऊजींनी फोन ठेवला. "वहिनी, काम वाचवलं तुमचं! चिडल्या होत्या बाई, फोन उचलायला एवढा वेळ का म्हणून. पुढच्या सबंध वर्षाचं काम एकाच लेखकाला देणार आहेत. हे पिठाचं यंत्र नमुना म्हणून बघणार. मी म्हटलं, लिहितो."

पुढच्या वर्षाचं काम गेलं तर काय होतं हे मला ठाऊक होतं. माझ्या नणंदेचं भांड्यांचं मोठं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसायला तिला घरचं माणूस हवं आहे आणि ती जागा तिने केव्हापासून माझ्या नावाने राखली आहे. दुकान आठला उघडतं. आठपासून येईल त्याला 'या, बसा, काय दाखवू' म्हणायचं. टेबल गेलं असतं, कागद गेले असते आणि सकाळही गेली असती.

दहा वाजले. मी मॅडमना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, की काम मीच करते.

"अहो पण तुमच्या ऑफिसातले सर म्हणाले..."

"ते माझे दीर आहेत. ऑफिस नाहीये, घर आहे."

"पण काय भारदस्त बोलतात हो!" मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू? तुमचे जुने कागद मी चाळले. बरोबर आहेत, पण फार कोरडे. आपल्याला ग्राहकाशी नातं जोडायचंय."

"आधी त्यांची बोटं राहू देत," मी म्हटलं, "मग जोडू."

मॅडम हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. मग माझी पद्धत मी त्यांना सांगितली. दोघांनी लिहावं. यंत्र कधी न वापरलेल्या माणसाच्या हातात एकेक कागद द्यावा आणि लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. जो कागद एकटा चालेल त्याच्या लेखकाला काम द्यावं.

"मजा येईल!" मॅडम म्हणाल्या. "मला कारखान्यात जायचंच आहे, वाटेत तुमच्याकडे येते. गुरुवारी. नऊला."

नऊला का, हे मी विचारलं नाही. माणसांना नऊच आवडतात.

भाऊजींना पद्धत सांगितली तर ते खूश झाले. "माझा मजकूर स्वतःच बोलेल, वहिनी. मला कशाला बोलावं लागतंय?" मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "आणि यंत्र चालवायला आपली आईच! तिच्यासारखा परीक्षक मिळेल का?" असं म्हणून त्यांनी आईला डोळा मारला. महिनाभर रोज या घरात बसून माझे कागद कोण तपासतं हे त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्या वेळी ते शब्दांना येऊ देत असत.

"मला काय मिळणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मुलाचं यश!"

"ते राहू दे. दुसरं काय?"

हे जेवता जेवता म्हणाले, "जाऊ दे ना, वहिनी-दिरात कसली चढाओढ." आणि गुरुवारी नेहमीपेक्षा लवकर दुकानात निघून गेले.

भाऊजींनी लिहायला दोन दिवस घेतले. यंत्र एकदाही सुरू केलं नाही. "खोक्यावर चित्र आहे की," म्हणाले. मी ते दोन दिवस सकाळ-दुपार पीठ मळलं. माप म्हणून घरातली वाटी घेतली, कंपनीच्या पेल्यांवरच्या रेघा मला पाठ होत्या. सासूबाईंना या वेळी आत येऊ दिलं नाही. त्या दाराबाहेरून म्हणत, "काय गं, नव्या नवरीसारखं दार लावून घेतलंयस!"

गुरुवारी मॅडम आल्या. उंच टाचा, दोन फोन, उग्र अत्तर. ओट्यावरच्या यंत्राकडे बघून म्हणाल्या, "अय्या, हे एवढंसंच असतं?" दर महिन्याला अशी हजारो यंत्रं विकणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या. मी हात जोडून त्यांना खुर्ची दिली. भाऊजींनी माझं मौन त्यांना पुन्हा समजावून सांगितलं, आवाज बारीक करून, जसं रुग्णाच्या खोलीबाहेर बोलतात.

सासूबाईंनी चष्मा पुसला, बाह्या वर सरकवल्या. आधी भाऊजींचा कागद. त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"'गृहिणीच्या करकमलांनी ज्याची दीर्घकाळ प्रतीक्षा केली तो मंगल क्षण आता समीप आला आहे.'" त्यांनी मान वर केली. "कुठला क्षण?"

"पुढे वाच गं, आई."

"अं हं, सर! बोलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्याच बोलल्या. "पण काय भाषा आहे! करकमल!"

"'यंत्राच्या उदरी पीठ प्रेमपूर्वक समर्पित करावे.'" सासूबाई थांबल्या. "किती?"

भाऊजींनी छताकडे पाहिलं.

"लिहिणाऱ्यालाच माहीत नाही तर मला कसं माहीत असणार," असं म्हणून त्यांनी पिठाचा डबाच उपडा केला. "'तदनंतर शीतल जलाचा हलका शिडकावा.'" त्यांनी बोटं पाण्यात बुडवून, कपड्यांवर इस्त्रीआधी मारतात तसं पाणी शिंपडलं. "'आणि आता कळ दाबताच अनुभवा गतीचे संगीत!' दाबू?"

त्या क्षणी भाऊजींना ओट्यावर पालथं पडलेलं झाकण दिसलं. मला ते केव्हाचंच दिसत होतं. मी एक पाऊल मागे सरकले, तेवढ्याने कुठलंच व्रत मोडत नाही.

"आई, थांब, ते झाकण..."

"तू गप्प बस. बोलायचं नाही म्हणतायत ना त्या!" आणि त्यांनी कळ दाबली.

पीठ छताला लागलं आणि तिथून सावकाश सगळ्यांवर आलं. मॅडमचे दोन्ही फोन, भाऊजींचा कोट, खिडकीतून कुतूहलाने आत आलेली काळी मांजर, सगळं एका रंगाचं झालं. मांजर शिंकली. सासूबाई पांढऱ्याफटक झाल्या होत्या, त्यांनी शांतपणे यंत्र बंद केलं, चष्म्याच्या काचा पुसल्या आणि कागदातली पुढची ओळ वाचली.

"'दरम्यान झाकण विसरू नये.'" त्यांनी ती पुन्हा वाचली. "दरम्यान? कशाच्या दरम्यान रे, मेल्या?"

"आई, लेखनात क्रम असा सरळ नसतो," भाऊजी म्हणाले. त्यांच्या भुवयांवरून पीठ गळत होतं. "वाचकाने थोडं मागे-पुढे..."

"मागे-पुढे? मी मागे होते म्हणून डोळे वाचले, पुढे वाकले असते तर?"

मी ओटा पुसला, जमीन झाडली, भांडं धुतलं, सुटे भाग परत खोक्यात ठेवले, मॅडमना टॉवेल दिला. बाकी कुणी जागचं हललं नाही. घरून काम करणाऱ्या बाईचं हेही एक कामच आहे, आणि त्याला कागद लागत नाही.

मग माझा कागद.

"'प्लग लावू नका.'" सासूबाईंनी प्लगकडे पाहिलं, तो लावलेला होता, काढला. "'खोक्यातून भांडं, आकडा, झाकण आणि मापाचा पेला बाहेर काढा. आकडा म्हणजे वाकडा लोखंडी दांडा.'" भांडं, आकडा आणि झाकण त्यांनी ओळीने मांडलं. खोकं उलटं करून झटकलं. "पेला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"अडलं का?" मॅडम म्हणाल्या.

"बघा!" भाऊजींना एकदम जीव आला. "वहिनींचंही अडलं! माझ्या कागदावर निदान यंत्र सुरू तरी झालं. अहो, जी वस्तूच खोक्यात नाही ती लिहून ठेवायची? खोकं मी स्वतः उघडलंय. पेलाबिला काही नव्हता त्यात."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. माझ्या जागेवरून दारातून सरळ टेबल दिसत होतं, दिव्याची वाकडी मान आणि तिच्याखाली रेघारेघांचा पेला, पेनांनी भरलेला. एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसती नजर तिकडे गेली असती तरी सासूबाईंनी ती पकडली असती. एवढ्यावर वर्ष अडलं होतं. नणंदेचं दुकान त्या वेळी उघडलेलंच होतं. मी भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर पिठाचा एक मोठा ठिपका राहून गेला होता.

"लिहिणाऱ्याचं अडलं असेल, माझं नाही," सासूबाई म्हणाल्या. "कागद संपलाय का? अजून आहे." आणि त्यांनी पुढची ओळ वाचली. "'पेला खोक्यात नसेल तर तो घरातच आहे. त्याच्यावर आडव्या रेघा असतात. त्यात कुणी पेनं, ब्रश किंवा चमचे ठेवले असतील तर ते काढावेत आणि पेला धुऊन घ्यावा.'"



सासूबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून भाऊजींकडे वरून पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत गेल्या. पेनं टेबलावर पडल्याचा खळखळाट ऐकू आला. त्या परत आल्या, नळाखाली पेला धरला, तो उजेडात नेऊन निरखला.

"रेघा आहेत," म्हणाल्या. "धाकट्या, तुझ्या पेनांना माप लागतं होय रे?"

भाऊजी कोट झटकू लागले.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. पीठ वरच्या रेघेपर्यंत, पाणी खालच्या. 'झाकण खट् असा आवाज येईपर्यंत फिरवा. आवाज आला नाही तर पुढची ओळ वाचू नका.' खट् आवाज आला. सासूबाईंनी प्लग लावला, कळ दाबली. थोड्या वेळाने झाकण काढलं तेव्हा आत पिठाचा गुळगुळीत गोळा होता. त्यांनी त्यात बोट खुपसलं.

"बरा झालाय," म्हणाल्या. माझ्याबद्दल त्या याहून जास्त चांगलं बोललेल्या मला आठवत नाहीत. प्रश्न त्यांनी एकही विचारला नव्हता.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ती पेनांची ओळ... ती तुम्ही मुद्दाम घातलीत ना?"

दहा वाजायचे होते. मी नुसती उभी राहिले.

"किती साध्या आहात हो!" मॅडम म्हणाल्या.

"साधी?" सासूबाई म्हणाल्या. "ती?"

वर्षाचं काम मला मिळालं. मॅडमनी तसं तिथेच सांगितलं, घड्याळ बघत. मी हात जोडले. मला वाटलं संपलं. पण मॅडम दारात थांबल्या आणि भाऊजींना म्हणाल्या, "सर, तुमची ती सुरुवात मला फार आवडली. करकमल. ती आपण खोक्यावर छापू. मोठ्या अक्षरात. मला जाहिरात विभागात असाच माणूस हवाय. याल का?"

पिठाने माखलेला माणूस इतक्या लवकर ताठ होताना मी पाहिला नव्हता. "घरून?" भाऊजींनी विचारलं.

"छे, आमचे लेखक ऑफिसात बसतात. केबिन असते. घरून फक्त हे," त्या म्हणाल्या आणि ओट्यावरच्या माझ्या ओल्या कागदाकडे बोट दाखवलं.

दहा वाजता मी त्यांना फोन करून खरं ते सांगितलं, की हो, ओळ मुद्दाम घातली होती. त्यांना आधी आठवेना मी कशाबद्दल बोलते आहे. मग म्हणाल्या, "राहू द्या हो, कोण वाचतंय." त्यामुळे ती ओळ आज प्रत्येक खोक्याच्या तळाशी आहे.

भाऊजी केबिनमध्ये बसतात. दिवा त्यांनी नेला, खुर्ची राहिली, ती मांजरीने घेतली. मी माझ्या जुन्या खुर्चीत बसते. सकाळ पुन्हा माझी आहे, फोन वाजतो आणि वाजून थांबतो. हे म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं, चार दिवसांत जाईल?"

परवा सुट्टीच्या दिवशी भाऊजी आले, दुपारचे. काखेत यंत्राचं नवंकोरं खोकं. ते त्यांनी टेबलावर, माझ्या कागदांवर ठेवलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत सासूबाईंना वाचून दाखवलं. गृहिणीच्या करकमलांनी, पासून शेवटपर्यंत. सासूबाई मांजरीच्या अंगावरचे केस वेचत होत्या.

"आतलं वाचलंत का, भाऊजी?" मी विचारलं.

"आतलं?" ते हसले. "वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो, ते कुणीच वाचत नाही."

दहा केव्हाचे वाजून गेले होते, मला बोलता आलं असतं. पण तोंडाने वाईट बोलायचं नाही. मी आत गेले, चहा केला आणि तो भाऊजींना मापाच्या पेल्यात आणून दिला, खालच्या रेघेपर्यंत.

भाऊजींनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला.

"वा! छान आहे हो पेला," म्हणाले. "कुठून आणलात?"